तळाची दोन बोटं

नाव: श्री. कानिफनाथ रंगनाथ खेतमाळीस. पद: प्रयोगशाळा परिचर, भौतिकशास्त्र विभाग. वय: सेवापुस्तकाप्रमाणे सत्तावन्न, आईच्या म्हणण्याप्रमाणे बहात्तरच्या दुष्काळात चालता येत होतं इतकं. मूळ गाव: मिरजगावजवळ, तालुका कर्जत. उंची: पाच फूट चार इंच, चपलेसह. ओळखीची खूण: उजव्या तळहातावर जुना घट्टा. पूर्वीचा व्यवसाय: मापाडी. व्यसन: तंबाखू (कार्यालयीन वेळेत नाही, असे स्वतःचे निवेदन). शिक्षा: नाही. बक्षीस: नाही. सचोटी: रकाना कोरा ठेवण्यात येत आहे, एकसष्ट ग्रॅम काचेच्या मण्यांबाबत चौकशी प्रलंबित.

शेवटचा रकाना सोडला तर माणूस सरळ होता, आणि निवृत्तीला पाच महिने राहिले असताना नेमका तोच रकाना भरायचा राहिला होता. त्यात दोनच शब्दांची सोय असते. ‘निर्विवाद’ किंवा ‘संशयास्पद’. बाकीच्या लोकांना हा फरक हेडक्लार्कच्या अक्षराइतकाच वाटला असता. मापाड्याला तसा वाटत नाही.

मापाड्याकडे विकायला दुसरं काही नसतं. धान्य शेतकऱ्याचं, गोणी व्यापाऱ्याची, त्याचा फक्त हात. कॉलेजात लागण्याआधी अकरा वर्षं कानिफनाथांनी मिरजगावच्या आडतीत तोललं आणि आसपासच्या खळ्यांवर पायलीने जोंधळा मापला. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला घेणारा. पहिल्या पायलीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन. दोघंही त्यांच्या मनगटाकडे बघत असत. “दोघांचा बी संशय सारखाच असला की माप बरोबर हाय समजायचं,” असं ते सांगत. या हिशेबाने त्यांचं माप अकरा वर्षं बरोबर होतं.

कॉलेज नगरहून सोलापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आहे. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. आप्पासाहेब म्हस्के. संशय हा विज्ञानाचा पाया आहे, हे वाक्य ते दर विज्ञानदिनी बोलत आणि उरलेलं वर्षभर आचरणात आणत. खडूंच्या कपाटाला कुलूप होतं. कुलपाच्या किल्लीच्या खणालाही कुलूप होतं. दहा वर्षांपूर्वी विभागातून एक लोलक गेला, तेव्हापासून ही व्यवस्था. तो लोलक पुढे आप्पासाहेबांच्याच घरी, नातवाच्या खेळण्यांत सापडला, पण तोवर कुलपं बसली होती.

त्यांच्या हाताखाली सायली साळवे पीएचडी करत होती. मुलगी श्रीरामपूरची, पाचवं वर्ष चालू. तिचा विषय ऐकून घरच्यांनी विचारणं सोडलं होतं, पण तो अवघड नव्हता. रव्याएवढे काचेचे मणी घ्यायचे. ते एका उभ्या, बोटभर जाडीच्या काचेच्या पेटीत रेघेपर्यंत भरायचे. पेटी एका यंत्रावर स्क्रूने बसवलेली. प्रयोगशाळेत त्याला शेकर म्हणत. शेकर ठराविक वेळाने पेटीला खालून एकेक ठोका द्यायचा. ठोक्याने मणी हलतात, दबतात, जागा धरतात. आत नक्की काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, कारण मण्यांच्या राशीतून आरपार दिसत नाही. म्हणून एका बाजूने लेझरचा उजेड सोडायचा. तो आत शिरतो, या मण्यावरून त्या मण्यावर हजारदा आपटतो आणि दुसऱ्या बाजूने विखरून बाहेर पडतो. समोरच्या पडद्यावर त्याचे काळे-तांबडे ठिपके उमटतात. मणी स्तब्ध असले तर ठिपके स्तब्ध. एखादा मणी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाने जरी सरकला तरी ठिपके लुकलुकतात. किती वेगाने लुकलुकले त्यावरून आत चुळबूळ किती, ते काढता येतं.

कानिफनाथांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

“म्हंजे आत कोन हाललं ते भाईर कळतं?”

“हो मामा. कितीही थोडं हललं तरी.”

“अन हालनाऱ्याला पत्ता न्हाई?”

“नाही.”

“मग ह्यो उजेड कसला, ताई. पोलीस पाटील हाय.”

तेव्हापासून लेझर चालू असताना ते त्याच्या समोरून जात नसत. टेबलाला वळसा घालून जात.

पेटी भरण्याचं काम मात्र त्यांच्याकडे आलं. सायली स्वतः भरायची तेव्हा मणी कधी सैल बसत, कधी दाट, आणि दोन दिवसांचे आकडे एकमेकांना ओळख दाखवत नसत. एकदा तिला ताप होता म्हणून कानिफनाथांनी भरलं आणि आकडे ताळ्यावर आले. हात बसलेला होता. धार सारखी, उंची सारखी, शेवटी मनगटाचा तोच कल. तिने भिंतीवर कागद चिकटवला: रोज सकाळी जुने मणी नळीने ओढून पेटी रिकामी करणे, धुतलेले मणी रेघेपर्यंत भरणे, काळा कपडा टाकणे. कानिफनाथ पहिल्या एसटीने येत, साडेआठला हे उरकत. सायली दहाला यायची. तिला पेटी नेहमी भरलेलीच दिसायची.

दोन वर्षं असं चाललं आणि मग शोध लागला.

शोध असा की, पेटीत वर मणी भरपूर चुळबुळत, मध्ये थोडे कमी, हे अपेक्षित होतं. पण तळाची दोन बोटं जवळजवळ गप्प असायची. पहिल्या ठोक्यापासून गप्प. नवे मणी भरले तरी तळातले असे वागायचे जणू काल दिवसभर त्यांनी ठोके खाल्लेत आणि त्यांची जागा ठरलेली आहे. सायलीने आधी रस्त्यावर संशय घेतला. हंगामात उसाच्या ट्रॉल्या जात, फरशी थरथरे. म्हणून शेकरच्या फरशीखाली ट्रॅक्टरच्या चार ट्यूबा हवा भरून घातल्या. तळ गप्पच. मग शेकरवर संशय घेतला, मग लेझरवर. सगळे निर्दोष निघाले.

“कण कालचं विसरत नाहीत,” आप्पासाहेब आलेखाकडे बघत म्हणाले. असं सुंदर वाक्य त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं होतं, त्यामुळे त्यावर त्यांनी संशय घेतला नाही. सायलीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या वाक्यावर उभं राहिलं. कानिफनाथ तेव्हा चहा घेऊन आले होते. “कसं इसरतील,” एवढंच ते म्हणाले. तो शिष्टाचार समजला गेला.

डिसेंबरात साठापडताळणी झाली. मणी परदेशातून आलेले, प्रकल्पाच्या अनुदानातले, त्यामुळे त्यांचं वजन करायचं ठरलं. पेटी कानिफनाथांकडून रिकामी करून घेतली, सगळे मणी बरणीत गोळा केले, काट्यावर ठेवले. एकसष्ट ग्रॅम कमी. हेडक्लार्क गोरक्ष यांनी ते दोनदा लिहिलं, एकदा अंकी, एकदा अक्षरी.

“मणी कमी कसे?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“म्या न्हेलं न्हाईत.”

“नेले असं कोण म्हणालं? आपणच म्हणताय. सांडले का?”

“माझ्या हातनं सांडत न्हाई, सर.”

“मग गेले कुठे?”

कानिफनाथांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं, मग गोरक्षांकडे, मग सायलीकडे, मग खोलीतल्या सगळ्या सामानाकडे एकदा सावकाश पाहिलं आणि खाली बघितलं. गोरक्षांनी लिहिलं, ‘संबंधित निरुत्तर.’

यानंतर जे होतं ते झालं. कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, ते मणी अंगठीत बसवतात. रव्याएवढा खडा कोणत्या बोटाच्या अंगठीत बसतो हे विचारलं गेलं नाही. दुसरं कुणी म्हणालं, कांद्याच्या बियाण्यात भेसळीला जातात. कांद्याचं बी काळं असतं आणि मणी पांढरे. पण अफवेला एवढं उजेडात धरून कोण बघतो. “काय कानिफमामा, यंदा बी कुठलं पेरलं?” असं विचारून लोक साखर जास्त घातलेला चहा पुढे करू लागले. पहारेकऱ्याने त्यांचा डबा उघडून पाहिला. आत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. चटणीत बोट घालून पाहिलं गेलं.

घरीही वेगळं नव्हतं. साळूबाईंनी नवऱ्याचा सदरा झटकला, खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी आणि एसटीचं तिकीट निघालं.

“खरं सांगा. कुनाला दिलं?”

“साळू, तीस-पस्तीस वर्सं झाली आपल्या लग्नाला.”

“म्हनूनच इचारती. पयल्या वर्सी इचारलं व्हतं का?”

जानेवारीत आदेश निघाला. चौकशी पूर्ण होईपर्यंत श्री. खेतमाळीस यांनी प्रयोगशाळेत प्रवेश करू नये. त्यांना सायकल स्टँडवर बसवण्यात आलं. चोरीचा संशय असलेल्या माणसाला तीनशे मोटारसायकलींवर नेमलं, यात कुणाला काही खटकलं नाही.

सायली पेटी भरायला स्वतः गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा साडेआठला. पडताळणीपासून प्रयोग बंद होता, तेव्हा रिकामी केलेली पेटी तशीच काळ्या कपड्याखाली होती. तिने कपडा उचलला.

पेटीच्या तळाशी मणी होते. सपाट, नीट बसलेले. तिने बोटं लावून पाहिली. दोन बोटं.

पहिल्यांदा तिला बरं वाटलं, कारण मामा चोर नव्हते. काट्यावर ठेवायची गरज नव्हती, तरी तिने नळीने ओढून ठेवले. एकसष्ट ग्रॅम. मग तिचं लक्ष भिंतीवरच्या स्वतःच्याच आलेखाकडे गेलं. गप्प असलेल्या तळाची उंची त्यावर तिने लाल पेनाने लिहिली होती, आणि ती बोटांनी मोजूनही तेवढीच आली असती.

तरी ती शास्त्राची विद्यार्थिनी. तिने त्या क्षणी मानलं नाही. पेटी पूर्ण रिकामी करून, पुसून, नव्याने भरली. दिवसभर ठोके दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळापर्यंत ओढून रिकामी केली, पुन्हा भरली आणि लेझर लावला. पडद्यावर तळाचे ठिपके लुकलुकायला लागले. मधल्यांसारखेच, लाजलज्जा न ठेवता. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिने मुद्दाम दोन बोटं मणी तळात ठेवून वर भरले. तळ गप्प झाला.

कणांना कालचं आठवत होतं, कारण ते कालचेच होते. परवाचे होते. दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या सकाळचे होते.

या कॉलेजात रस्त्यावर संशय घेतला गेला होता, शेकरवर, लेझरवर, एका माणसाच्या चटणीवर. आलेखावर कुणी घेतला नव्हता. तो देखणा होता.

सायलीने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. त्या दोन दिवसांत तिला बरंच काही सुचलं, आणि त्यातलं सगळं सांगण्यासारखं नाही. मामांना फक्त पाच महिने काढायचे होते. तिला पाच वर्षं दाखवायची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सायकल स्टँडवर गेली.

कानिफनाथ बाकावर बसले होते. तिला पाहून उठले, पण हसले नाहीत.

“सरांनी धाडलं?”

“नाही मामा. मीच आले.”

“मोबाईल हाय जवळ?”

“आहे.”

“त्यो तितं त्या गाडीवर ठिवा. अन मग बोला.”

तिने ठेवला. कानिफनाथांनी तो उपडा केला.

“मामा, मी कपडा उचलला.”

त्यांनी तंबाखूची पुडी काढली, वेळ बघितली, परत खिशात ठेवली.

“तळाला मणी का ठेवत होता?”

“रिकाम्यात कधी वतायचं न्हाई, ताई. कणगी असू द्या, पायली असू द्या, मूठभर तळाला राहू द्यायचं. त्येच्यावर वतायचं. न्हाईतर बरकत जाती.”

“अहो, पण ते मणी आहेत. काचेचे.”

“मला दिसत्यात की. पर माप तर मापच हाय. आमी कुनाच्या घरचं रिकामं करत न्हवतो, तर तुमचं करू? तुमचं काम सरू नये म्हनून ठिवत हुतो.”

सायलीला हसू आवरेना, आणि ते तिला स्वतःलाच बरं वाटलं नाही. “पाच वर्षं झाली मामा. सरलंच नाही.”

“मग?” कानिफनाथ म्हणाले. “गुन आला का न्हाई?”

थोड्या वेळाने तिने विचारलं, “मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत? सर विचारत होते, गेले कुठे म्हणून.”

“एक तर बरकतीचं बोलून दाखवायचं नसतं. दुसरं, दोन हातावर पेटी. कपडा उचलून बघायचं ते बी तिघातल्या एकाला सुचंना. अन म्या उचलून दावलं असतं तर काय म्हनले असते? चोरानं गुमान आनून टाकलं. लिवलं असतं का न्हाई गोरक्षानं?”

सायली विचार करून म्हणाली, “लिहिलं असतं.”

“दोनदा. अंकी अन अक्षरी.”

मग तिने तिसऱ्या प्रकरणाचं सांगितलं. सगळं, आलेखासकट. कानिफनाथांनी मध्ये एकदाच विचारलं, की यात चूक कुणाची धरायची. तिने सांगितलं, कपडा न उचलणाऱ्याची.

“म्हंजे म्या साफ झालो की तुमचं मोडतं.”

“हो.”

“राहू द्या म्हनायला मी काय साधू न्हाई, ताई. तुमचं मोडतंय त्ये कळतंय. पर माझं नाव साफ करा.”

आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. पहिला संशय सायलीवर. या माणसाची एवढी काळजी का? दुसरा कानिफनाथांवर: मणी आता कुणी ठेवले नाहीत कशावरून? तिने चार दिवसांचे आलेख टेबलावर पसरले. तळ ठेवला तर गप्प, काढला तर बोलका. आप्पासाहेब ते बराच वेळ बघत राहिले. माणूस खोटं बोलतो हे त्यांना मान्य होतं. उजेड खोटं बोलतो असं म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

मग त्यांनी मार्ग काढला. मार्ग वाईट नव्हता. मणी टेबलाखाली सांडलेले सापडले असं लिहावं. चोरी नाही, फक्त हलगर्जी. खेतमाळीसांना ताकीद, विषय संपला. पेटीचा उल्लेख नको, तिसरं प्रकरण जागच्या जागी. “सगळ्यांचं भलं,” ते म्हणाले.

कानिफनाथांना बोलावून हे सांगण्यात आलं. त्यांनी उभ्या उभ्याच ऐकलं.

“सांडलं म्हनून सही करू?”

“सही केली की आजपासून प्रयोगशाळेत या.”

“सर, चोर म्हना. चोराला हात असतो. मापाड्याच्या हातनं सांडलं म्हनलं तर मग हातच न्हाई.”

“हा हट्ट आहे.”

“व्हय,” कानिफनाथ म्हणाले आणि सायकल स्टँडवर परत गेले. सुटीची वेळ झाली होती, गाड्या निघायच्या होत्या.

सायली खुर्चीत बसून होती. तिने समोरचा कोरा कागद ओढला आणि आप्पासाहेबांच्या देखत निवेदन लिहिलं. पेटी, कपडा, दोन बोटं, एकसष्ट ग्रॅम, आणि शेवटी स्वतःहून एक ओळ: ‘या मण्यांमुळे माझे तिसऱ्या प्रकरणातील निष्कर्ष चुकीचे ठरतात.’ आप्पासाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, आणि आवश्यक आहे का, असं विचारलं. ती आवश्यक आहे म्हणाली. “विचार करा,” ते म्हणाले. दोन दिवस केला होता, असं ती म्हणाली.

चौकशी समितीचा अहवाल मार्चात आला. लेटरहेडवर जिल्ह्याचं जुनं नाव पेनाने खोडून नवं लिहिलेलं होतं. अहवालात म्हटलं होतं: ‘सदर एकसष्ट ग्रॅम (अक्षरी एकसष्ट ग्रॅम) मणी पात्राच्या तळाशी आढळून आल्याने तूट निरस्त करण्यात येत आहे. श्री. खेतमाळीस यांचे वर्तन प्रचलित कार्यपद्धतीशी विसंगत परंतु हेतुतः निर्दोष असल्याचे समितीचे मत आहे. सेवापुस्तकात सचोटी या रकान्यात ‘निर्विवाद’ अशी नोंद घेण्यात यावी. सदर प्रकरणात संस्थेचे, प्रकल्पाचे अथवा कोणत्याही व्यक्तीचे कोणत्याही स्वरूपाचे नुकसान झालेले नाही.’

सायलीच्या प्रबंधातून एक्केचाळीस पानं काढली.